शिवलेलं शेवटचं प्रकरण

बाबा,

"आता याच्यानंतर वाचण्यासारखं कोणी नाही," असं तुम्ही म्हणालात आणि वर्तमानपत्राची घडी घालून ती उशीखाली ठेवलीत. नागपूरचं वर्तमानपत्र आपल्या जबलपूरला एक दिवस शिळं होऊन यायचं, त्यामुळे आपला रहस्यकथांचा लेखक गेल्याचं आपल्याला कळलं तेव्हा त्याचं सगळं उरकूनही झालं होतं. मी सतरा वर्षांची होते. मी रडायला लागले तशी तुम्ही चिडलात. "काहून रडून राहिली? लेखक होता तो, मामा नव्हता तुझा." आणि उठून अंगणात सायकल पुसायला गेलात. रविवारीच पुसलेली सायकल, मंगळवारी पुन्हा. आईनं खिडकीतून पाहिलं आणि मला म्हणाली, "राहू दे. आज काही विचारू नको त्यांना."

त्या एका वाक्यानं माझं फार नुकसान केलं, बाबा. त्याच्यानंतर कोण, हे मी तेव्हापासून शोधते आहे. रहस्यकथा लिहिणारा कुणी नवा दिसला की मी पुस्तक घेते, आशेनं उघडते आणि पंचवीस-तीस पानांत माझ्या तोंडून तुमचा आवाज यायला लागतो. हल्लीच्या एका गृहस्थांचा गुप्तहेर घटस्फोटित आहे. चांगली गोष्ट आहे, असावा. पण दोनशे पानं त्याचा घटस्फोट चालतो आणि अकरा पानं खून. मेलेल्या माणसाची कुणाला पर्वाच नाही. दुसरे एक आहेत, त्यांचा हेर शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून सांगतो की मी परवा साताऱ्याला जाऊन खुन्याच्या आत्याला भेटून आलो. आत्या! आधीच्या तीनशे पानांत आत्याचा पत्ता नाही. तिसऱ्या बाई खुनाच्या गोष्टीत पाककृती देतात, आणि त्या पाककृतीतही मीठ किती ते सांगत नाहीत. मग ते बर्फाळ देशांतले भाषांतरित लेखक. तिथे दुपारी तीनला अंधार पडतो, सगळ्यांची नावं सारखी, सगळे उदास. त्यातल्या त्यात प्रसन्न वाटतं ते प्रेत. आणि जुळे भाऊ तर विचारूच नका. ज्याला शेवट सुचत नाही तो जुळा भाऊ काढतो.

आता तर फोनच सुचवतो. तुम्हाला हे आवडलं, तर हेही आवडेल. आपल्या जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारातला तो ब्लाउजपीसवाला आठवतो का तुम्हाला? रंग जुळत नाही म्हटलं की आईला सांगायचा, "दीदी, धूप में मैच हो जाएगा." फोन त्याचाच भाऊबंद. जुळा असेल.

तुम्हाला वाटेल, ही बाई कडवट झाली. झाले आहे. पण मला चाळणी दिली कुणी? तुम्ही फॅक्टरीत तपासणी विभागात होतात. लेथवरून उतरलेला प्रत्येक भाग तुमच्या हाताखालून जायचा आणि तुमच्याकडे ते दोन टोकांचं पोलादी गेज असायचं. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं, नो-गो, जाता कामा नये. दोन्ही गेली किंवा एकही गेलं नाही, तर लाल रंगाचा ठिपका आणि भाग रिजेक्टच्या पेटीत. तुम्ही घरीही तेच करायचात. टमाटे, पाहुणे, ताईसाठी आलेली स्थळं, सगळ्यांना गेज. "मुलगा बरा आहे, पण नो-गो साइडसुद्धा जाते," असं तुम्ही एका स्थळाबद्दल म्हणालात तेव्हा आईनं लाटणं उगारलं होतं.

आणि आपल्या लेखकाच्या पुस्तकांची ती तऱ्हा, जी मी पुढे कुणाला सांगितली तर कुणाचा विश्वास बसत नाही. मराठी मंडळाच्या लायब्ररीतून पुस्तक आणलं की तुम्ही आधी आईचा सुईदोरा मागायचात. डोळे बारीक करून, एकही ओळ न वाचता शेवटचं प्रकरण कुठे सुरू होतं ते शोधायचं आणि तेवढी पानं बाहेरच्या कडेनं शिवून टाकायची. पाच टाके, पट्टीनं मोजून, दोन टाक्यांत दीड इंच. मग आधी तुम्ही वाचायचं, मग मी, टाक्यांपर्यंत. प्रत्येकानं चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं आणि पुढे 'कारण' असं लिहून कारण द्यायचं. "कारणाशिवाय उत्तर म्हणजे लॉटरी," तुम्ही म्हणायचात. चिठ्ठ्या घडी करून त्या शिवलेल्या पानांत वरून सरकवायच्या. रविवारी जेवणानंतर, ओट्यापाशी, आईच्या कात्रीनं टाके कापायचे आणि शेवटचं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचायचं. आईनं पुस्तक कधी हातात धरलं नाही, पण तिचं मत ठरलेलं असायचं.

"डॉक्टर. लिहून घ्या."

"कारण?"

"वेळेवर आला ना तो. डॉक्टर लोक कधी वेळेवर येतात का?"

पाचातून एकदा तिचं बरोबरही यायचं. वाचून झालं की लाल पेन्सिलीनं प्रत्येक चिठ्ठीवर खूण करायची, बरोबर किंवा फुली. आपल्या लेखकानं तुम्हाला फसवलं की तुम्ही स्वतःच्या चिठ्ठीवर ठसठशीत फुली मारायचात आणि मांडीवर थाप देऊन म्हणायचात, "फसवलं बुवा!" तुमच्या तोंडावर एवढा आनंद मी दुसऱ्या कशानंही पाहिलेला नाही. ताईच्या लग्नातसुद्धा नाही. चिठ्ठ्या तशाच पुस्तकात राहायच्या आणि पुस्तक परत जायचं. लायब्ररीवाल्या काकांनी एकदा तुम्हाला अडवलं होतं. "साहेब, हे पुस्तक आहे की गोधडी? भोकं पाडता तुम्ही." तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी मोजून पाडतो. तुमची वाळवी मोजत नाही."

तो लेखक गेला आणि हे सगळं थांबलं. सुईदोरा आईकडे परत गेला. मी नवी नवी नावं आणून तुमच्या उशाशी ठेवत होते. तुम्ही वीस पानं वाचायचात आणि पुस्तक पालथं ठेवायचात. "गेज लागत नाही." एकदा मी हट्टानं म्हटलं, बाबा, निदान पूर्ण तरी वाचा. "रिजेक्ट माल पूर्ण तपासत नाहीत, बेटा. वेळ जातो."

मग मी स्वतःच लिहिली. एकविसाव्या वर्षी, मंडळाच्या दिवाळी अंकात, माझी पहिली रहस्यकथा. नऊ पानांची. ग्वारीघाटाच्या रस्त्यावरचं घर, देवघरात मरून पडलेला मालक, मागच्या दाराशी माळ्याच्या ओल्या चपला. सगळ्यांचा संशय माळ्यावर. पण पाचव्या पानावर मी एक वाक्य ठेवलं होतं, सहज वाटावं असं: माळ्याच्या धोतराचा काठ कोरडा होता. म्हणजे त्या चपला घालून ओल्यातून दुसरंच कुणीतरी गेलं होतं. मालकिणीची धाकटी जाऊ. ते कोरड्या काठाचं वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले होते. ती कथा मी कुणासाठी लिहिली हे सांगायला गुप्तहेर नको.

अंक घरी आला तो रविवार. आई पुऱ्या तळत होती, तुम्ही पाटावर बसून नखं कापत होतात. मी अंक तुमच्यापुढे धरला तर म्हणालात, "वाचला मी. काल मंडळातच दाखवला कुणीतरी."

"मग?"

"चौथ्या पानावरच कळलं मला."

"कोण ते?"

"कोण म्हणजे? जो आहे तो." तुम्ही मान वर केली नाहीत. "भाषा चांगली आहे तुझी. घरातलं लिही, माणसांचं लिही. खून हे तुझं काम नाही."

"मला तर नाही बाई कळलं," आई म्हणाली. तिला मी सकाळीच कथा वाचून दाखवली होती.

"तुला डॉक्टर वाटला असेल."

"डॉक्टर होताच कुठे त्यात?"

तुम्ही दोघं हसलात. मी पण हसले. आणि घरातलं लिहायला लागले, माणसांचं. दोन कथासंग्रह झाले, बाबा, तुम्ही गेल्यावर. लोक त्यांना हळवं लेखन म्हणतात. कार्यक्रमात बायका भेटतात, हात हातात घेतात आणि म्हणतात, किती हळवं लिहिता हो. मला त्यांचा हात झटकावासा वाटतो. माझ्या कथांत कुणी मरत नाही, कुणी मारत नाही, सगळे नुसते आठवत बसतात. परकरातल्या आठवणी, पाटावरच्या आठवणी. मी वाचक असते तर पहिल्या पानावर लाल ठिपका दिला असता.

गेल्या महिन्यात मंडळातून फोन आला. लायब्ररीची खोली आता योगाच्या वर्गाला द्यायची आहे, मराठी पुस्तकं घ्यायला कुणी येत नाही, पोरं घरातलं मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात, तर तुम्ही लेखिका आहात, येऊन ठेवायचं काय आणि काढायचं काय ते सांगाल का? मी गेले ते सेवाभावानं नव्हे. कुणीतरी विसरलेला एखादा रहस्यकथावाला मागच्या फळीवर सापडेल, एवढाच स्वार्थ. तेच काका होते अजून. फार थकले आहेत, ऐकू कमी येतं, पण मला पाहताच म्हणाले, "अच्छा, टाकेवाल्या साहेबांची लहानी पोरगी! या, या."

रहस्यकथांचं कपाट खिडकीपाशी आहे. मी पहिलं पुस्तक काढलं. तो लेखक मीच तुमच्या उशाशी ठेवला होता कधीतरी, आणि तुम्ही तो वीस पानांत पालथा ठेवला होता. मागून उघडलं तर शेवटच्या प्रकरणाच्या पानांना बाहेरच्या कडेला भोकं. पाच. मी पिशवीतली डायरी काढली, तिच्या कडेला इंचाच्या खुणा आहेत. दीड इंच, दीड इंच. दुसरं पुस्तक काढलं, दुसऱ्याच माणसाचं. पाच भोकं. तिसरं. आत पिवळी पडलेली चिठ्ठी, तुमच्या त्या नकाशावरच्यासारख्या सरळ अक्षरात: 'वकिलाचा कारकून. कारण: शाई.' खाली लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण.

"काका, हे बाबा कधी वाचत होते?"

"शनिवारी. फॅक्टरी अर्धा दिवस राहायची ना, मग इथंच. त्या खिडकीत बसून." काका जवळ आले. "तो मोठा लेखक वारला, त्याच्यानंतर दोन-तीन महिन्यांतच चालू झाले. मले म्हणाले, घरी सांगू नका बरं. पोरीले सांगून बसलो की आता कोणी वाचण्यासारखं नाही म्हणून. आता कोणत्या तोंडानं पुस्तक घरी नेऊ? मी म्हटलं, चलो, नका नेऊ. शेवटी शेवटी मीच सुईदोरा ड्रॉवरमध्ये ठेवत होतो."

शनिवारी तुम्ही ओमतीच्या घड्याळजीकडे घड्याळ दाखवायला जायचात. दर शनिवारी, वर्षानुवर्षं. आई म्हणायची, "घड्याळ आहे की दम्याचा पेशंट?" आणि ते घड्याळ नेहमी अगदी बरोबर वेळ दाखवायचं. वयाच्या बाराव्या वर्षापासून खुनी ओळखणारी मी, एकाही शनिवारी मला शंका आली नाही. माझी मला काय किंमत वाटली असेल तेव्हा, ते लिहीत नाही.

अकरा पुस्तकं निघाली, सगळी वेगवेगळ्या लेखकांची. माझ्यापुढे तुम्ही ज्यांना माल म्हणालात, त्यांचं तुम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, टाके घालून, चिठ्ठी लिहून, मान देऊन. सात चिठ्ठ्यांवर बरोबर, चारांवर फुली. ती चार मी घरी आणली. फुलीवालीच, कारण तिथे तुम्ही फसला होतात. दोन अगदीच सामान्य निघाली, तुमचंच लक्ष नसेल त्या शनिवारी. एक बरं. पण चौथं, बाबा! अमरावतीकडच्या कुठल्याशा बाई, हे एकच पुस्तक दिसतं त्यांचं. पहिल्याच पानावर खुनी आपल्याशी बोलून जातो आणि आपल्याला दोनशे पानं ते कळत नाही. मी एवढी वर्षं शोधत होते ते तुम्हाला मिळालेलं होतं आणि तुम्ही ते खिडकीपाशी ठेवून घरी येऊन घड्याळाला चावी देत बसलात.

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. एका स्वाभिमानी माणसाचा मूर्खपणा म्हणून. कपाटाच्या खालच्या फळीवर मंडळाचे दिवाळी अंक होते. माझा अंक मी नुसता सवयीनं उचलला. माझ्या कथेचं शेवटचं पान आणि त्याच्या आधीचं पान, यांच्या कडेला पाच भोकं होती.

नऊ पानांच्या गोष्टीला तुम्ही टाके घातले होते. आणि मधल्या घडीत चिठ्ठी. 'माळी. कारण: ओल्या चपला.' खाली काही नाही. ना बरोबर, ना फुली. त्या फळ्यांवर खूण नसलेली चिठ्ठी ती एकच.

"काय सापडलं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. जुना माल आहे," मी म्हटलं आणि अंक पिशवीत घातला.

चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. बावीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाशी अबोला धरणं किती हास्यास्पद आहे ते मला कळतं. पण फोटोला हार घातला नाही की उदबत्ती लावली नाही. चौथ्या पानावर कळलं म्हणे! चौथ्या पानावर तुम्ही चपलांत अडकलात, पाचव्या पानावरचा कोरडा काठ तुमच्या डोळ्यांसमोरून गेला, आणि शेवटचं पान उघडल्यावर, त्या खिडकीत, एकट्यानं, तुम्हाला कळलं की पोरीनं फसवलं. परक्या माणसानं फसवलं की मांडीवर थाप. अमरावतीच्या बाईंनी फसवलं तर ठसठशीत फुली. माझ्या वेळी मात्र तुमच्या हातातली लाल पेन्सिल चालेना. अख्ख्या फॅक्टरीत एक भाग चुकीचा सोडला नाही, असा तुमचा लौकिक. घरात मात्र एक बिनचूक भाग अडवलात, आणि पेटीत टाकून दिलात.

पाचव्या दिवशी मात्र मी पुन्हा ती चिठ्ठी उघडली. खूण नाही, पण 'चपला' या शब्दाखाली तुमच्या पेन्सिलीनं दोनदा रेघ ओढली आहे. लिहिताना ओढलीत की नंतर, शेवट वाचल्यावर, ते मला कळत नाही. अजूनही रोज पाहते. माझ्या टेबलावर आता सहा प्रकरणं लिहून पडली आहेत. त्यात एकजण मेला आहे, हळवेपणानं नव्हे, व्यवस्थित. सातवं, शेवटचं, लिहायला हात उचलत नाही, कारण ते शिवून ठेवायला माणूस नाही.

म्हणून हे पत्र. हे टाकायचं कुठे नाही, त्याच अंकात ठेवणार आहे. त्याआधी मलाही एक सांगायचं आहे, नाहीतर तुम्हाला दटावायचा मला हक्क पोचत नाही. दोन टाक्यांत दीड इंच फार होतं, बाबा. कागद हलकेच गोल केला आणि एक डोळा मिटला की आतल्या बारा-तेरा ओळी दिसायच्या. मी तेराव्या वर्षापासून बघत होते. माझ्या चिठ्ठ्यांवरच्या त्या सगळ्या बरोबरच्या खुणा, ज्या तुम्ही सेक्शनमध्ये दहा जणांना सांगितल्यात, त्यांतल्या निम्म्या तशा आहेत. कारणं मी मागाहून जुळवायचे. तुम्ही म्हणायचात, पोरीचं डोकं आहे. डोकं नव्हतं. एक डोळा होता.

आता तुम्ही. तुमची चिठ्ठी माझ्यासमोर आहे, लाल पेन्सिल टोक काढून बाजूला ठेवली आहे. त्या 'माळी' शब्दाखाली फक्त एक फुली मारा. 'फसवलं बुवा' म्हणू नका, हवं तर. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. नखं कापत, मान वर न करता, चौथ्या पानावरच. तरी मारा, बाबा. लहानशी चालेल.